ख्रिस्ती हे नाव जिथे मिळाले, ते शहर

पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यांत आपल्याकडे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातून वाचने होतात. अकराव्या अध्यायात 'अंत्युखिया' हे नाव आले की वाचणारा जरा अडखळतो. ऐकणाऱ्यांना वाटते, असेल कुठले तरी जुने गाव. ते गाव आता कुठे आहे, तिथे कोण राहते, याची चौकशी कोणी करत नाही. मीही केली नव्हती.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे तुर्कस्तान आणि सिरियात मोठा भूकंप झाला. बातम्यांत 'अंताक्या' हे नाव वारंवार येत होते. रविवारच्या उपासनेत आपण भूकंपग्रस्तांसाठी प्रार्थना केली, अर्पणही गोळा केले. पण अंताक्या म्हणजेच अंत्युखिया, आपल्या सर्वांना 'ख्रिस्ती' हे नाव ज्या शहरात मिळाले तेच हे शहर, हे सांगायचे कोणालाच सुचले नाही. त्याची रुखरुख म्हणून हा लेख. (तेराव्या अध्यायातले पिसिदियाचे अंत्युखिया निराळे. त्यामुळेही पुष्कळांचा घोटाळा होतो.)

इ. स. पूर्व ३०० मध्ये सेल्यूकस या ग्रीक राजाने आपल्या वडिलांच्या, अंतियोखसच्या, नावाने हे शहर वसवले. एका बाजूला ओरंतेस नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि जवळच समुद्रावर सलूकिया हे बंदर. बर्णबा आणि शौल पहिल्या सेवायात्रेला तिथूनच गलबतात बसले. रोमी साम्राज्यात रोम आणि आलेक्सांद्रिया यांच्यानंतर याच शहराचे नाव घेत. नाताळच्या कथेतला जो हेरोद राजा, त्यानेच इथला दोन मैलांहून लांब मुख्य रस्ता फरसबंद करून दिला, असे योसेफस हा इतिहासकार लिहितो. पुढे चौथ्या शतकात इथले रस्ते रात्रीही दिव्यांनी उजळलेले असत आणि गावकऱ्यांना त्याचा मोठा अभिमान होता. आजचा कुर्तुलुश रस्ता त्याच जुन्या रस्त्याच्या ओळीवर आहे.

अशा शहरात सगळ्या जातीजमातींचे लोक असणारच. ग्रीक, अरामी बोलणारे सुरियाचे रहिवासी, रोमी शिपाई, व्यापारी, गुलाम आणि जुना यहूदी समाज. यरुशलेमेत पंक्तीची वाटणी पाहण्यासाठी जे सात जण निवडले, त्यांतला नीकलाव अंत्युखियाचा. स्तेफनाच्या मृत्यूनंतर पांगलेले विश्वासी इथे आले. त्यांतल्या कुप्र आणि कुरेने येथल्या काही जणांनी यहूदी नसलेल्यांनाही सुवार्ता सांगितली. हे काम कोणा मोठ्या प्रेषिताने सुरू केलेले नाही. करणाऱ्यांची नावेसुद्धा लूकने दिलेली नाहीत. यरुशलेमेकडून बर्णबा मागाहून आला, त्याने तार्साहून शौलाला आणले आणि दोघांनी वर्षभर मंडळीला शिकवले.

नाव पडले ते याच काळात, आणि ते बाहेरच्यांनी ठेवले. कोणाच्या पक्षाच्या माणसांना ओळखायला लोक जसे 'हेरोदी' म्हणत, तसे 'ख्रिस्ती', म्हणजे त्या ख्रिस्ताची माणसे. बाजारातल्या लोकांना बहुधा प्रश्न पडला असेल की ही मंडळी यहूदीही नाहीत, ग्रीकही नाहीत, मग एकत्र कशी बसतात? मंडळीच्या पुढाऱ्यांची यादी तेराव्या अध्यायात आहे. कुप्राचा बर्णबा, काळा म्हणून ओळखला जाणारा शिमोन, आफ्रिकेतल्या कुरेनेचा लूक्य, राजघराण्यात वाढलेला मनाएन, आणि तार्साचा शौल. हे पाच जण एरवी एका पंक्तीला बसले नसते. पंक्तीवरूनच इथे पेत्र आणि पौल यांचा खटका उडाला, तो गलतीकरांस पत्रात आहे. यरुशलेमेहून माणसे आली तेव्हा पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवायचा थांबला, आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष बोल लावला. आपल्या मंडळ्यांत कोण कोणाच्या घरी जेवते, सोयरीक कुठे जुळते आणि कुठे जुळत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा खटका जुना वाटणार नाही.

याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. यरुशलेमेहून आलेल्या अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठा दुष्काळ पडणार असे सांगितले. अंत्युखियाच्या शिष्यांनी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी केली आणि ती यहूदीयातल्या बांधवांकडे बर्णबा व शौल यांच्या हाती धाडली. एका गावच्या मंडळीने दूरच्या, न पाहिलेल्या माणसांसाठी मदत पाठवल्याची नव्या करारातली ही पहिली नोंद.

आता भूकंपाकडे येतो. हे शहर फार अडचणीच्या जागी वसले आहे. अरबस्तान, आफ्रिका आणि अनातोलिया यांचे भूपट्ट एकमेकांना घासतात, त्या भेगा या भागाजवळ एकत्र येतात. दक्षिणेकडून मृत समुद्राची भेग येते, ईशान्येकडून पूर्व अनातोलियाची. त्यात नदीकाठची गाळाची माती, धक्का बसला की ती अधिकच हलते. सुपीक जमीन, पाणी, बंदर आणि व्यापाराची वाट या साऱ्यांसाठी माणसे तिथे राहिली, आणि त्याची किंमत दर काही पिढ्यांनी मोजत आली.

इ. स. ११५ च्या डिसेंबरात त्राजान बादशहा पार्थियावरच्या स्वारीसाठी सैन्यासह इथे मुक्कामाला होता. शहर परगावच्या माणसांनी भरले होते, तेव्हाच भूकंप झाला. बादशहा खिडकीतून बाहेर पडून वाचला आणि पुढचे काही दिवस घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात, उघड्यावर राहिला. त्या वर्षीचा कॉन्सुल पेदो मेला. दियो कास्सिउस या इतिहासकाराने बादशहाबरोबर एका बाईचीही हकिकत लिहून ठेवली आहे. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या या आईने आपल्याच दुधावर स्वतःला आणि बाळाला जगवले. दुसऱ्या एका ठिकाणी आई मेलेली होती आणि मूल तिच्या छातीशी दूध ओढत होते. दोन हजार वर्षांपूर्वीची ही नोंद वाचताना २०२३ ची टीव्हीवरची दृश्ये डोळ्यांपुढे येतात.

याच सुमारास अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस रक्तसाक्षी झाले. भूकंपाच्या वेळी शहरातच त्यांना मारले असे मलालास नावाचा पुढच्या काळातला बखरकार म्हणतो. पण इग्नेशियस यांची स्वतःची पत्रे सांगतात की त्यांना बेड्या घालून रोमकडे नेले जात होते, आणि मला पत्रांवरच विश्वास ठेवावासा वाटतो. 'ख्रिस्ती' हे नाव लोकांनी दिले, तर त्यावरून 'ख्रिस्तीपण' हा शब्द लेखी स्वरूपात पहिल्यांदा भेटतो तो या अंत्युखियाच्या माणसाच्या पत्रांत.

चौथ्या शतकापर्यंत शहराचा मोठा भाग ख्रिस्ती झाला होता. सोन्याच्या तोंडाचा म्हणून ज्यांची ख्याती, ते योहान क्रिसोस्तोम इथेच जन्मले, इथेच उपदेशक झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील एका प्रवचनात ते मंडळीचा हिशेबच मांडतात. मंडळीच्या यादीवर ३००० विधवा आणि कुमारिका आहेत, त्यांना रोज अन्न मिळते. त्याखेरीज तुरुंगातले कैदी, धर्मशाळेतले आजारी, परके प्रवासी, अपंग. आणि मंडळीचे उत्पन्न किती? गावातल्या एका श्रीमंताइतके, तेही सर्वांत मोठ्या श्रीमंताइतके नव्हे. नुसती दहा माणसे असा खर्च करायला तयार झाली तर शहरात गरीब उरणार नाही, असा त्यांचा त्यावरचा टोला.

ही यादी मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडेही सेंट व्हिन्सेंट दे पॉलच्या शाखेत किंवा महिला मंडळात अशी एक वही असते. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाला दर महिन्याला धान्य द्यायचे, कोण एकटे राहते. ती वही कोणी इतिहास म्हणून जपत नाही. पण भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी, कोणत्या घरात किती माणसे होती हे ज्याला ठाऊक असते, तोच ढिगाऱ्यापाशी उपयोगी पडतो.

इ. स. ५२६ च्या मे महिन्यात सर्वांत मोठा घात झाला. प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण आला होता, बाहेरगावचे हजारो लोक सणासाठी शहरात उतरले होते. भूकंप झाला आणि पाठोपाठ आग लागली. कॉन्स्टंटाईनच्या काळातले प्रसिद्ध अष्टकोनी महामंदिर धक्क्यातून वाचले, पण थोड्याच दिवसांत आगीत जळून कोसळले. कुलगुरू युफ्रासियस ठार झाले. अडीच लाख माणसे गेली असे मलालास लिहितो. आकडा जास्तच वाटतो, पण मलालास स्वतः अंत्युखियाचा होता, आणि आपल्या गावाचे दुःख माणूस मोजून सांगत नाही. पळून जाणाऱ्यांना लुटणारे लोक होते, हेही त्याने लपवलेले नाही. आणि वीस-तीस दिवसांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली माणसे होती, ढिगाऱ्याखाली बाळंत झालेल्या बाया होत्या, हेही त्याने लिहिले आहे.

त्या वेळी एफ्राइम नावाचा एक सरकारी अधिकारी होता, पूर्वेकडच्या प्रांतांचा कारभार त्याच्याकडे होता. बादशहाने पैसे देऊन त्याला पुनर्बांधणीवर नेमले. त्याने लोकांची अशी काळजी घेतली की लोकांनी त्यालाच उचलून कुलगुरूच्या आसनावर बसवले. धर्मशास्त्राचा पंडित शोधण्यापेक्षा त्यांना चुना, दगड आणि अन्न पोचवणारा माणूस जवळचा वाटला असावा.

अडीच वर्षांनी, ५२८ च्या नोव्हेंबरात, पुन्हा भूकंप. पुन्हा बांधलेलेही पडले. उरलेले लोक अनवाणी, बर्फात लोटांगण घालत 'प्रभो, दया कर' म्हणत फिरले. ख्रिस्त आपल्याबरोबर आहे, उभे राहा, अशा अर्थाचे शब्द घरांच्या दारांवर लिहावेत असे कोणा भाविकाने सांगितले आणि लोकांनी ते लिहिले. शहराचे नावही बदलून 'देवाचे नगर', म्हणजे थेऊपोलिस, ठेवले गेले.

इथे थांबून एक बोलावेसे वाटते. त्या काळचे लेखक भूकंपाला सरळ 'देवाचा कोप' म्हणतात. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे घरात झोपली होती, आणि मातीच्या जाड भिंती व माळवदे त्यांच्यावर आली. तेव्हाही शिक्षेची भाषा काही तोंडून निघाली, आणि ती बोलणारे आपलेही काही लोक होते. सणासाठी आलेले अंत्युखियाचे भाविक आणि सण आटोपून झोपलेले किल्लारीचे लोक, दोघांवर छप्पर सारखेच कोसळले. शिलोहाचा बुरूज ज्या अठरा जणांवर पडला ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते काय, हा प्रश्न प्रभूने स्वतः विचारला आणि स्वतःच नाही म्हटले. लूकच्या तेराव्या अध्यायात ते स्पष्ट आहे. तरी आपण दर वेळी ते विसरतो.

५८८ च्या भूकंपाची हकिकत एवाग्रियस या मंडळीच्या इतिहासकाराने लिहिली आहे. त्या दिवशी त्याचेच लग्न होते. याआधीच्या साथीत त्याची पहिली बायको आणि मुले गेली होती. म्हणजे उजाड झालेले घर पुन्हा मांडायला निघालेला हा माणूस, गाव त्याच्या लग्नाच्या आनंदात, आणि जमीन हलली. किती मेले याचा अंदाज त्या वेळी लोकांनी कसा केला, तर रोजच्या भाकरीच्या खपावरून. ६०,००० माणसांची भाकर कमी लागू लागली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. इराणच्या खुस्रोने ५४० मध्येच शहर लुटून अनेकांना आपल्या राजधानीजवळ नव्या वस्तीत नेले होते. ६३८ मध्ये अरब आले, १०९८ मध्ये क्रूसेडवाले, आणि १२६८ मध्ये मिसरच्या बैबर्सने शहर घेऊन मोठी कत्तल केली. चौदाव्या शतकात कुलगुरूंचे आसन दमास्कसला गेले. आज 'अंत्युखियाचे कुलगुरू' ही पदवी पाच निरनिराळ्या मंडळ्यांचे पाच जण लावतात, पण त्यांतला एकही अंत्युखियात राहत नाही. मला यात थोडी खंत वाटते. नावाला एवढे मोल, आणि गावात मूठभर माणसे.

पण ती मूठभर माणसे होती, हे महत्त्वाचे. १९३९ मध्ये हाताय प्रांत तुर्कस्तानात गेला, तेव्हा बरेच आर्मेनियन लेबनानला निघून गेले. वाकिफ्ली हे एक आर्मेनियन खेडे मात्र राहिले. अंताक्यात अरबी बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती राहिले. त्यांना अजून 'रूम', म्हणजे रोमी, म्हणतात. पौलाच्या वेळच्या साम्राज्याचे नाव अशा रीतीने एका छोट्या समाजाच्या अंगावर उरले आहे. त्यांचे संत पेत्र आणि पौल यांचे चर्च १८७२ च्या भूकंपात पडले होते, ते पुन्हा बांधले गेले. कॅथलिक मंडळी त्याहून लहान. तिचे मंदिर म्हणजे जुन्या गल्लीतले चौकाचे घर, आणि गेली काही दशके तिथे पुनरुत्थानाचा सण ऑर्थोडॉक्स बांधवांच्या तारखेलाच साजरा होतो, म्हणजे एका गावात दोन ईस्टर नकोत. शिवाय सुन्नी, अलवी आणि अगदी थोडे यहूदी. जुन्या बाजाराजवळची हबीब नज्जार मशीद ज्याच्या नावाची आहे, तो येशूच्या शिष्यांवर विश्वास ठेवणारा सुतार होता अशी मुसलमानांची परंपरा आहे.

२०२३ च्या त्या पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, दुपारी आणखी एक मोठा, आणि २० फेब्रुवारीला हातायमध्ये पुन्हा. तुर्कस्तानात ५३,००० हून अधिक माणसे गेली. त्यांतली वीस हजारांपेक्षा जास्त एकट्या हातायची. ऑर्थोडॉक्स चर्च कोसळले. प्रॉटेस्टंट चर्च कोसळले. हबीब नज्जार मशिदीचा घुमट आणि मिनार पडला. यहूदी समाजाचे प्रमुख आणि त्यांची पत्नी घराखाली सापडले, आणि अडीच हजार वर्षांचा तो समाज तिथे जवळपास संपला. इस्केंदेरूनचे कॅथलिक महामंदिर पडले. अंताक्याचे चौकाचे घर मात्र उभे राहिले, आणि तिथे बेघर झालेल्यांना आसरा मिळाला. तिथले धर्मगुरू भारतातून गेलेले कपुचिन आहेत. पौलाला आणि बर्णब्याला बाहेर धाडणाऱ्या गावात आता आपल्या देशातून माणूस गेला आहे. आपल्या लष्करानेही त्या दिवसांत इस्केंदेरूनला तंबूंचे रुग्णालय थाटले होते, हे पुष्कळांच्या लक्षात असेल.

पेत्राची म्हणून दाखवतात ती डोंगरातली गुहा शाबूत राहिली. पण गुहेत कोणी राहत नाही. अंताक्याचा खरा प्रश्न निराळा आहे. पेत्र-पौलाच्या चर्चचे कुटुंबकबिले बहुतेक मर्सीन आणि इतर शहरांत पांगले. सरकारने शहराबाहेर घरांच्या रांगा उठवल्या, पण जुन्या गल्ल्यांत शेजारीपाजारी म्हणून राहणारे सुन्नी, अलवी, ख्रिस्ती त्या रांगांत शेजारी येतीलच असे नाही. किल्लारी परिसरात बावन्न गावे नव्या जागी हलवली, तिथल्या कोणालाही विचारा, घर मिळाले म्हणजे गाव मिळाले असे होत नाही. मुलांच्या शाळा मर्सीनमध्ये सुरू झाल्या, दुकान तिथे लागले, की परतायचे कोणी? भूकंपाआधी ऑर्थोडॉक्स समाज हजार-बाराशेच्या घरात होता. एवढ्या समाजात पन्नास घरे गेली तरी लग्नासाठी स्थळ मिळत नाही, आणि जनाजा उचलायला खांदे कमी पडतात.

उपासना मात्र थांबली नाही. पडलेल्या चर्चच्या अंगणात, ढिगाऱ्याशेजारी, उघड्यावर लोक सणाला जमले. त्यांतले काही दूरच्या गावाहून, मोटारीने तासन्‌तास प्रवास करून आलेले होते. अरबीत प्रार्थना झाली, आणि मग नेहमीप्रमाणे कोण आले, कोण आले नाही याची विचारपूस.

पुढच्या वेळी अकरावा अध्याय वाचाल तेव्हा सर्वसाधारण प्रार्थनेत एक ओळ वाढवा, अशी माझी पाळकांना आणि वाचकांना विनंती आहे. अंताक्याच्या मंडळीसाठी, जे तिथे आहेत आणि जे मर्सीनला आहेत त्या दोघांसाठी, नाव घेऊन.